यान झेलेझ्नी यांची कारकीर्द: भालाफेक शिकणाऱ्या एका तरुणाच्या प्रश्नांना उत्तर

तुम्ही तुमची उंची 1.78 मीटर, वजन 74 किलो आणि 800 ग्रॅमच्या भाल्याने केलेली सर्वोत्तम फेक 58 मीटर अशी दिली आहे, आणि तुमची चण भालाफेकीसाठी लहान आहे असे तुम्हाला वारंवार ऐकवले जाते, असेही लिहिले आहे. त्या अनुषंगाने निवृत्त चेक भालाफेकपटू यान झेलेझ्नी यांच्याविषयी तुम्ही चार प्रश्न विचारले आहेत: फारशी अवाढव्य शरीरयष्टी नसताना ते 98.48 मीटरच्या विश्वविक्रमापर्यंत कसे पोहोचले, तो विक्रम इतकी वर्षे का टिकून आहे, त्यांच्या शैलीचे अनुकरण तुम्ही करावे का, आणि चाळिशीपर्यंत ते स्पर्धेत कसे राहू शकले. या चारही प्रश्नांचे मूळ एकच आहे, असे माझे मत आहे. झेलेझ्नी यांनी हाताची ताकद हे आपले भांडवल कधीच मानले नाही. धावेतून आलेला वेग न गमावता भाल्यापर्यंत पोहोचवणे हे त्यांचे भांडवल होते, आणि म्हणूनच भाला बदलला, नियम बदलले, खांदा दुखावला, वय वाढले, तरी त्यांची फेक उभी राहिली. खालील उत्तर याच धाग्याने पुढे जाते.

आधी कारकिर्दीचा आराखडा पाहू. झेलेझ्नी यांचा जन्म 16 जून 1966 रोजी तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियातील म्लादा बोलेस्लाव येथे झाला. त्यांचे आई-वडील दोघेही भालाफेक करत असत. 1992, 1996 आणि 2000 अशी सलग तीन ऑलिंपिक सुवर्णपदके त्यांनी जिंकली, 1988 मध्ये रौप्यपदक मिळवले, आणि 1993, 1995 व 2001 अशी तीन जागतिक अजिंक्यपदे पटकावली. पुरुषांच्या आजच्या प्रकारच्या भालाफेकीत तीन ऑलिंपिक सुवर्णपदके मिळवणारे ते एकमेव खेळाडू आहेत. एरिक लेमिंग, योन्नी म्यूरा आणि आंद्रेआस थोरकिल्डसेन हे तिघेही या प्रकारात दोन सुवर्णपदकांवर थांबले. पहिल्या दोन ऑलिंपिकमध्ये झेलेझ्नी चेकोस्लोव्हाकियाकडून उतरले आणि 1996 च्या अटलांटापासून चेक प्रजासत्ताकाकडून. स्पर्धात्मक जीवनाचा मोठा काळ ते प्रागच्या दुक्ला या लष्करी क्रीडासंस्थेशी जोडलेले होते आणि निवृत्तीनंतर प्रशिक्षक म्हणूनही तिथेच काम करत राहिले.

त्यांची उंची 1.86 मीटर आणि वजन 88 किलोच्या आसपास होते. सामान्य माणसाच्या तुलनेत हे आकडे लहान नाहीत, परंतु जागतिक अंतिम फेरीत त्यांच्या शेजारी उभे राहणारे अनेक खेळाडू त्यांच्याहून दहा-पंधरा किलोंनी भारी असत. तुम्हाला जे सांगितले जाते त्यात तथ्याचा अंश आहे: उंच खेळाडूचा हात लांब असतो, भाला अधिक उंचीवरून सुटतो आणि वेग वाढवण्यासाठी अधिक लांबीचा मार्ग मिळतो. मात्र फेकीचे अंतर ठरवणारा सर्वांत मोठा घटक भाला हातातून सुटतानाचा वेग हा आहे, आणि तो वेग केवळ देहाच्या आकारातून येत नाही.

या वेगाचे महत्त्व किती आहे हे साध्या गणिताने कळेल. हवेचा परिणाम क्षणभर बाजूला ठेवला, तर फेकीचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. 35 अंशांच्या कोनात सेकंदाला 30 मीटर वेगाने सुटलेली वस्तू सुमारे 86 मीटर जाते आणि तीच 31 मीटर वेगाने सुटली तर सुमारे 92 मीटर. म्हणजे सेकंदाला एका मीटरच्या फरकासाठी सहा मीटरांचे बक्षीस मिळते. उंचीतील दहा सेंटिमीटरच्या फरकाने एवढे अंतर कधीच मिळत नाही. भाला हवेत तरंगतो, वारा त्याला साथ देतो किंवा पाडतो, त्यामुळे प्रत्यक्ष आकडे वेगळे येतात. तरीही वेग आणि अंतर यांचे हे नाते कायम राहते.

आता हा वेग येतो कुठून, हे पाहणे आवश्यक आहे, आणि इथेच झेलेझ्नी यांच्या फेकीचे चित्रीकरण थांबवून थांबवून पाहावे लागते. मी उजव्या हाताने फेकणाऱ्यांच्या भाषेत लिहितो. धावेच्या शेवटच्या टप्प्यात, म्हणजे भाला मागे नेल्यानंतर पायावरून पाय ओलांडत टाकलेल्या पावलांमध्ये (क्रॉस स्टेप्समध्ये), बहुतेक खेळाडूंचा वेग कमी होऊ लागतो, कारण आडव्या अंगाने धावणे अवघड असते आणि मनात फेकीची तयारी सुरू झालेली असते. झेलेझ्नी यांच्या बाबतीत ही घसरण फारच थोडी दिसते. शेवटून दुसरे पाऊल, म्हणजे उजवा पाय, जमिनीवर येतो तेव्हा त्यांची कंबर त्या पायावर थबकत नाही. उजवा गुडघा किंचित वाकलेला राहून पुढे सरकतो आणि कंबर पुढे वाहत राहते. लगेचच डावा पाय जवळजवळ सरळ स्थितीत, टाचेवर, पुढे रोवला जातो. या क्षणी चित्र थांबवा आणि उजवा हात पाहा. तो अजूनही मागे आहे, कोपर जवळजवळ सरळ आहे, तळवा वर आहे, आणि भाल्याचे टोक डोक्याच्या बाजूलाच आहे. पाय थांबले आहेत, कंबर वळू लागली आहे, छाती पुढे येऊ लागली आहे, आणि हाताने अजून काहीच केलेले नाही.

पुढच्या टप्प्याला सेकंदाच्या सातव्या-आठव्या भागाइतकाच वेळ मिळतो. धावती बस अचानक थांबली की उभ्या प्रवाशाचे पाय जागेवर राहतात आणि वरचे अंग पुढे फेकले जाते. रोवलेल्या डाव्या पायाचे काम त्या ब्रेकचेच असते. खालचा भाग थांबला की तो वेग कंबरेतून धडात, धडातून खांद्यात, खांद्यातून कोपरात आणि शेवटी मनगटातून भाल्यात जातो, आणि प्रत्येक वरचा भाग खालच्या भागापेक्षा अधिक वेगाने पुढे येतो. यात दोन अटी आहेत. डावा गुडघा दबला तर ब्रेक लागतच नाही आणि धावेतला वेग मांडीत जिरून जातो. हात आधीच ओढू लागला तर खालून येणारा वेग भाल्यापर्यंत पोहोचण्यापूर्वीच भाला सुटलेला असतो. झेलेझ्नी यांनी या दोन्ही अटी इतरांपेक्षा अधिक वेगाने धावत असताना पाळल्या. माझ्या दृष्टीने त्यांचे वेगळेपण याच एका वाक्यात मावते.

तुम्ही जिममध्ये बेंच प्रेसचे वजन वाढवत असल्याचे लिहिले आहे. ते चालू ठेवायला हरकत नाही, परंतु 58 मीटरवरून 65 मीटरवर जाण्याचा मार्ग तिथून जात नाही. तुमच्या वयाच्या, पुरेशी ताकद असलेल्या मुलांमध्ये मला जवळजवळ नेहमी दिसणारा दोष असा: धाव चांगली, पाय वेगवान, पण शेवटच्या दोन पावलांत ते स्वतःहून मंदावतात, डावा गुडघा वाकवतात, आणि मग उरलेली कसर खांद्याने भरून काढतात. अशी फेक 55 ते 60 मीटरच्या पट्ट्यात बराच काळ अडकून राहते आणि खांदा व कोपर मात्र दर महिन्याला अधिक दुखू लागतात.

दुसरा प्रश्न विक्रमाचा. त्यासाठी भाल्याचाच इतिहास थोडा समजून घ्यावा लागेल, कारण झेलेझ्नी यांची कारकीर्द या अवजाराच्या सर्वांत अस्थिर काळात घडली. 20 जुलै 1984 रोजी पूर्व बर्लिनमध्ये पूर्व जर्मनीचे भालाफेकपटू उवे होन यांनी 104.80 मीटर फेक केली. त्या काळचा भाला हवेत दीर्घकाळ तरंगत असे आणि अनेकदा आडवा पडत असे, त्यामुळे टोक आधी टेकले की नाही यावर वाद होत आणि मैदानाची लांबीही अपुरी पडू लागली होती. 1986 मध्ये पुरुषांच्या भाल्याचा गुरुत्वमध्य चार सेंटिमीटर पुढे सरकवण्यात आला. नव्या भाल्याचे टोक लवकर खाली वळू लागले आणि अंतरे सुमारे दहा टक्क्यांनी घटली. तेव्हा झेलेझ्नी एकोणीस-वीस वर्षांचे होते. जुन्या भाल्याला अलगद तरंगवण्याची कला हस्तगत केलेले कित्येक खेळाडू या बदलात मागे पडले. झेलेझ्नी यांनी मात्र 31 मे 1987 रोजी नित्रा येथे 87.66 मीटरचा विश्वविक्रम केला, आणि त्याच वर्षी रोम येथील जागतिक स्पर्धेत कांस्यपदक मिळवले.

बदल तिथेच थांबले नाहीत. 1976 च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकचे विजेते, हंगेरीचे मिक्लोश नेमेथ, यांनी शेपटीकडचा पृष्ठभाग खरबरीत केलेला भाला तयार केला. या खरबरीतपणामुळे टोक खाली वळायला उशीर होई आणि भाला काही मीटर अधिक जाई. 1990 आणि 1991 मध्ये विक्रम झपाट्याने वाढले. फिनलंडचे सेप्पो रॅटी यांनी 1991 मध्ये 96.96 मीटरपर्यंत मजल मारली. त्यानंतर त्याच वर्षी असे भाले बाद ठरवण्यात आले आणि त्या भाल्यांनी केलेले विक्रमही मागील तारखेपासून रद्द झाले. रद्द झालेल्यांत झेलेझ्नी यांचाही 1990 मधील विक्रम होता. विक्रम पुन्हा ब्रिटनच्या स्टीव्ह बॅकली यांच्या 89.58 मीटरवर आला. पुढे 4 जुलै 1992 रोजी ओस्लो येथे झेलेझ्नी यांनी केलेली 94.74 मीटरची फेकही वापरलेल्या भाल्याच्या रचनेमुळे विक्रम म्हणून मान्य झाली नाही. दुसऱ्या एखाद्या खेळाडूचे मन इथे खचले असते. त्यांनी 6 एप्रिल 1993 रोजी दक्षिण आफ्रिकेतील पीटर्सबर्ग येथे 95.54 मीटर, त्याच वर्षी 29 ऑगस्टला शेफील्ड येथे 95.66 मीटर, आणि 25 मे 1996 रोजी जर्मनीतील जेना येथे 98.48 मीटर फेकून ज्या भाल्याबद्दल कोणतीही शंका नव्हती त्या भाल्याने हिशोब पूर्ण केला.

म्हणून हा विक्रम अवजारामुळे झाला, हा आक्षेप मला मान्य नाही. आज जो भाला वापरला जातो त्याचे मूलभूत नियम तेच आहेत: वजन 800 ग्रॅम, लांबी 2.60 ते 2.70 मीटर, गुरुत्वमध्य पुढे. दुसरा आक्षेप वाऱ्याचा घेतला जातो. धावण्याच्या आणि लांब उडीच्या विक्रमांना वाऱ्याची मर्यादा असते, तशी फेकीच्या प्रकारांना नसते, आणि चांगल्या वाऱ्याचा भालाफेकीत फायदा होतो हे खरेच आहे. पण जेनाच्या फेकीनंतर आठवडा उलटण्यापूर्वीच त्यांनी ओस्त्रावा येथे 94.64 मीटर फेक केली, आणि पुढल्या वर्षी मार्चमध्ये स्टेलेनबोश येथे 94.02 मीटर. वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या ऋतूंत, वेगवेगळ्या मैदानांवर 94 मीटरच्या पुढे जाणाऱ्या माणसाच्या बाबतीत वाऱ्याने शेवटचे एक-दोन मीटर दिले असतील, असे फार तर म्हणता येईल.

तीन दशके होत आली तरी हा विक्रम टिकला याचे कारण असे की, एवढा धावेचा वेग आणि एवढा उशिरा येणारा हात या दोन परस्परविरोधी गोष्टी एका शरीरात क्वचितच नांदतात. वेग वाढवला की हात घाई करतो. हात थोपवला की पाय मंदावतात. या विक्रमाच्या सर्वांत जवळ जर्मनीचे योहानेस फेटर गेले. 6 सप्टेंबर 2020 रोजी पोलंडमधील खोझूव येथे त्यांनी 97.76 मीटर फेक केली, म्हणजे अंतर राहिले अवघे 72 सेंटिमीटर. फेटर हे शंभर किलोंहून अधिक वजनाचे, विलक्षण ताकदीचे खेळाडू. डाव्या पायावर प्रचंड आघात झेलून ते भाला सोडत. म्हणजे त्याच अंतराकडे जाणारा दुसरा मार्गही आहे, मात्र तो मार्ग शरीराकडून फार मोठी किंमत घेतो. टोकियो ऑलिंपिकमध्ये जिंकण्याची सर्वाधिक शक्यता असलेले म्हणून आलेले फेटर शेवटच्या आठांतही पोहोचू शकले नाहीत, आणि त्यानंतर दुखापतींनी त्यांना दीर्घकाळ मैदानाबाहेर ठेवले. विक्रम कधीतरी मोडेल यात मला शंका नाही. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये अर्शद नदीम यांनी 92.97 मीटर फेकले तेव्हा ऑलिंपिकच्या अंतिम फेरीसारख्या दडपणातही किती अंतर शक्य आहे हे दिसलेच.

इथे मला एक मत आग्रहाने मांडायचे आहे. झेलेझ्नी यांची थोरवी लोक जेनाच्या आकड्यात शोधतात. मी ती स्पर्धांच्या अंतिम फेऱ्यांत शोधतो, आणि त्यातही हरलेल्या फेऱ्यांपासून सुरुवात करतो. 1988 च्या सोल ऑलिंपिकमध्ये त्यांनी पात्रता फेरीत 85.90 मीटर फेकले, जे सुवर्णपदकासाठी पुरेसे ठरले असते. अंतिम फेरीत त्यांची सर्वोत्तम फेक 84.12 मीटर झाली आणि फिनलंडच्या तापिओ कोर्युस यांनी अखेरच्या प्रयत्नात 84.28 मीटर फेकून सोळा सेंटिमीटरने सुवर्णपदक नेले. पात्रता फेरीतले अंतर अंतिम फेरीत मोजले जात नाही, हा नियम प्रत्येक नवख्या खेळाडूला माहीत असतो. त्याची धग मात्र त्या रात्री झेलेझ्नी यांना कळली असेल. चार वर्षांनी बार्सिलोनात त्यांनी पहिल्याच प्रयत्नात 89.66 मीटर फेकले आणि बाकी अकरा जणांना आपले उरलेले प्रयत्न त्या आकड्याकडे पाहत घालवावे लागले. मोठ्या स्पर्धेत पहिल्या प्रयत्नाला इतके महत्त्व का द्यावे, हे मी मुलांना शिकवताना याच दोन स्पर्धा शेजारी-शेजारी ठेवतो.

अटलांटात 1996 मध्ये त्यांच्या 88.16 मीटरसमोर बॅकली 87.44 मीटरवर राहिले. जेनाची फेक अवघ्या काही आठवड्यांपूर्वीची होती आणि तरीही ऑलिंपिक त्याहून दहा मीटरने कमी अंतरावर जिंकले गेले, ही गोष्ट आकड्यांच्या मागे लागलेल्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी. त्या स्पर्धेनंतर अटलांटा ब्रेव्हज या बेसबॉल संघाने त्यांची चाचणीही घेतली होती, इतके त्यांच्या हाताच्या वेगाचे आकर्षण होते.

नंतर कठीण काळ आला. 1997 च्या अथेन्स येथील जागतिक स्पर्धेत ते पदकापासून दूर राहिले. 1998 मध्ये फेकण्याच्या खांद्याच्या गंभीर दुखापतीने तो हंगाम हातातून गेला. वय बत्तीस, पदरी दोन ऑलिंपिक सुवर्णपदके आणि विश्वविक्रम: थांबायला याहून सयुक्तिक वेळ नव्हती. 1999 मध्ये ते सेव्हिल येथे कांस्यपदकासह परतले. 2000 च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये बॅकली यांनी दुसऱ्या फेरीत 89.85 मीटर फेकून आघाडी घेतली, आणि पुढच्याच फेरीत झेलेझ्नी यांनी 90.17 मीटरने उत्तर दिले. नव्या भाल्याने ऑलिंपिकमध्ये नव्वद मीटर ओलांडणारी ती पहिली फेक होती. पुढच्या वर्षी एडमंटन येथे, पस्तिसाव्या वर्षी, त्यांनी 92.80 मीटर फेकून तिसरे जागतिक अजिंक्यपद मिळवले, आणि जागतिक अजिंक्यपद स्पर्धेतील तो विक्रम आजही त्यांच्याच नावावर आहे. माझ्या मते खांद्याच्या दुखापतीनंतरची ही दोन वर्षे जेनाच्या दिवसापेक्षा मोठी आहेत. ज्याची फेक खांद्यावर उभी असते, त्याचा खांदा गेला की सगळेच जाते. त्यांची फेक पायांवर उभी होती, म्हणून ती परत आली.

बॅकली यांच्याविषयी दोन शब्द लिहिल्याशिवाय हे वर्णन न्याय्य होणार नाही. 1990 ते 2002 या काळात त्यांनी सलग चार युरोपीय अजिंक्यपदे जिंकली. झेलेझ्नी यांना ते अजिंक्यपद एकदाही मिळाले नाही. उलट बॅकली यांना दोन ऑलिंपिकमध्ये रौप्यपदकावर समाधान मानावे लागले आणि दोन्ही वेळा समोर झेलेझ्नी होते. चांगला प्रतिस्पर्धी असला की खेळाडूची पातळी कशी वर राहते, याचे भालाफेकीत याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

2004 च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये झेलेझ्नी अंतिम फेरीत पोहोचले, पण पहिल्या आठांत येऊ शकले नाहीत. थोरकिल्डसेन यांनी तेव्हा पहिले सुवर्णपदक जिंकले. 2006 मध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, गोथेनबर्ग येथील युरोपीय स्पर्धेत त्यांनी कांस्यपदक मिळवले आणि त्याच वर्षी स्पर्धेतून निवृत्ती घेतली.

आता तुमचा तिसरा प्रश्न: त्यांच्या शैलीचे अनुकरण करावे का? तत्त्वाचे करावे, आकृतीचे करू नये. त्यांचा मागे राहिलेला हात आणि कमानीसारखी ताणलेली छाती पाहून मुले तो आकार आणायला जातात, आणि खांद्यात व पाठीच्या वरच्या भागात तेवढी लवचिकता नसल्याने तो ताण कंबरेच्या मणक्यांवर घेतात. वाढत्या वयात कंबरेच्या मणक्यांवर वारंवार असा ताण आल्यास तिथे बारीक भेग पडण्यापर्यंत मजल जाऊ शकते. दुसरी जागा कोपराच्या आतल्या बाजूची. हात खाली घसरून बाजूने फेकला गेला की आतल्या अस्थिबंधावर भार येतो. आपल्या नीरज चोप्रा यांना 2019 मध्ये कोपरावर शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली होती, म्हणजे सर्वोत्तम तंत्र असलेल्यांनाही ही जागा सोडत नाही. म्हणून हात मागे ठेवण्याचा सराव हातापासून सुरू करू नका. डावा पाय वेळेवर आणि सरळ रोवला गेला की हात आपोआप मागे राहतो. डावा पाय उशिरा आला तर कितीही सूचना दिल्या तरी हात थांबत नाही.

तुमच्यासाठी मी पुढीलप्रमाणे क्रम ठेवेन. काही आठवडे पूर्ण धावेची फेक आठवड्यातून एकदाच करा आणि बाकी दिवशी तीन व पाच पावलांवरून फेका. प्रत्येक फेकीत लक्ष एकाच गोष्टीवर ठेवा: उजवा पाय टेकल्यापासून डावा पाय टेकेपर्यंतचा वेळ कमी करणे. मोबाइलवर संथ गतीने चित्रीकरण करून चौकटी मोजता येतात आणि फरक दिसतो. चित्रीकरण उजव्या बाजूने करा, म्हणजे छाती, हात आणि दोन्ही पाय एकाच वेळी दिसतील. जोडीला एक किलोपर्यंतचे चेंडू भिंतीवर किंवा जाळीत फेका, मेडिसिन बॉल दोन्ही हातांनी डोक्यावरून फेका, आणि अडथळ्यांवरून उड्या व 30 मीटरच्या वेगवान धावा ठेवा. भाल्यापेक्षा फार जड वजने फेकण्याचा मोह टाळा. जड वस्तू हाताला संथ ओढायला शिकवते आणि भालाफेकीत नेमकी तीच सवय घातक ठरते. जिममध्ये बेंच प्रेसपेक्षा स्नॅच, स्क्वॉट आणि पुलओव्हर यांना अधिक जागा द्या, आणि खांद्याच्या मागील बाजूच्या लहान स्नायूंसाठी रबर बँडचे व्यायाम रोज करा. हे व्यायाम कंटाळवाणे आहेत, तरी दीर्घ कारकिर्दीसाठी त्यांच्याइतके उपयोगी दुसरे काही नाही.

धाव वाढवण्याची घाईही करू नका. जेवढा वेग डावा पाय रोवून थांबवता येतो, तेवढाच वेग उपयोगाचा. झेलेझ्नी यांचा धावेचा वेग पाहून तुम्ही तसेच धावलात आणि शेवटी गुडघा दबला, तर भाला आजच्यापेक्षा जवळ पडेल. धावेचा वेग दर हंगामात थोडा वाढवा आणि पाय तो झेलतो की नाही हे पाहून पुढे जा.

चौथा प्रश्न दीर्घायुष्याचा. त्याचे अर्धे उत्तर वर येऊन गेले: पायांवर आणि वेळेवर उभी असलेली फेक शरीराला कमी खर्चात पडते. उरलेले अर्धे उत्तर वर्षाच्या आखणीत आहे. पीटर्सबर्ग आणि स्टेलेनबोशच्या त्यांच्या फेकींच्या तारखा पाहिल्या तर युरोपातील थंडी टाळून दक्षिण आफ्रिकेच्या उबदार हवेत तयारी करण्याची पद्धत दिसते. थंड स्नायूंनी जोरात फेकणे हा दुखापतीचा सर्वांत जवळचा रस्ता आहे, आणि ते टाळण्यासाठी परदेशी जाण्याची गरज नसते. पुरेसा वेळ अंग तापवणे आणि पहिल्या दहा-बारा फेका निम्म्या जोराने करणे एवढी शिस्त कुठेही पाळता येते.

प्रशिक्षक म्हणून त्यांनी पुढच्या पिढीला हेच दिले असे दिसते. 2008 आणि 2012 ची ऑलिंपिक सुवर्णपदके जिंकणाऱ्या आणि 72.28 मीटरचा महिलांचा विश्वविक्रम नावावर असलेल्या बार्बोरा श्पोताकोवा, 2013 चे जगज्जेते वितेझस्लाव वेसेली आणि याकुब वाडलेच यांना त्यांचे मार्गदर्शन लाभले. टोकियो ऑलिंपिकमध्ये नीरज चोप्रा यांनी 87.58 मीटर फेकून सुवर्णपदक जिंकले तेव्हा रौप्य आणि कांस्यपदक याच वाडलेच आणि वेसेली यांच्याकडे गेले होते. 2024 च्या अखेरीस नीरज यांनी स्वतः झेलेझ्नी यांना प्रशिक्षक म्हणून निवडले, आणि 16 मे 2025 रोजी दोहा येथे 90.23 मीटर फेकून कारकिर्दीत प्रथमच नव्वदचा टप्पा ओलांडला. त्या दिवशी 91.06 मीटर फेकणारे जर्मनीचे युलियन वेबर पहिले आले. त्याच वर्षी टोकियोतील जागतिक स्पर्धेत नीरज आठव्या स्थानावर राहिले, यावरून एका मोठ्या फेकीने पुढच्या स्पर्धेची हमी मिळत नाही हे दिसते, आणि झेलेझ्नी यांच्या सलग तीन ऑलिंपिक सुवर्णपदकांची किंमत अधिक स्पष्ट होते.

तुमच्या उंचीत आता फारसा बदल होणार नाही. वजनात पाच-सहा किलोंची वाढ पुढील दोन-तीन वर्षांत व्यायामातून सहज येईल आणि ती पुरेशी आहे. पहिल्या सहा आठवड्यांनंतर तीन पावलांवरून आणि पूर्ण धावेने केलेल्या फेकींतील फरक मोजा. तो फरक फार कमी असेल, तर तुमची धाव अजून फेकीला काहीच देत नाही असे समजून पुन्हा डाव्या पायाकडे वळा. फरक वाढत असेल, तर पूर्ण धावेच्या फेकींची संख्या वाढवायला सुरुवात करा, आणि कोपराच्या आतल्या बाजूला किंवा कंबरेत सलग दोन दिवसांहून अधिक दुखले तर भाला बाजूला ठेवून आधी क्रीडावैद्यकाला दाखवा.